ओळख मागायला लाज वाटते? मग केळुसकर गुरुजी आठवा

गेल्या पावसाळ्यात आमच्यातला एक मुलगा अंधेरीहून रात्री साडेबाराला भिवंडीत परतला. कल्याण नाक्यावर उतरला तेव्हा त्याच्या बॅगेत पंधरा मिनिटांच्या लघुपटाचा पेनड्राइव्ह होता. दिवसभरात तो बॅगेबाहेर निघालाच नव्हता. मानकोलीच्या गोदामातली पाळी बुडवून, म्हणजे एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडून, तो गेला होता. भिवंडी ते ठाणे बस, ठाण्याहून दादर, दादरहून अंधेरी, तिथून वर्सोव्याला शेअर रिक्षा. एका कार्यालयात त्याला चार तास बसवून ठेवले. मग एक सहायक बाहेर आला आणि त्याने तीन प्रश्न विचारले. "कोणी पाठवलं?" "आधी कोणाला असिस्ट केलंय?" "पूर्ण नाव काय?" तिसरे उत्तर ऐकून झाल्यावर म्हणाला, "मेल करून ठेव." मेल आयडी मात्र दिला नाही.

आम्ही विचारले, पहिल्या प्रश्नाला काय उत्तर दिलेस? तो म्हणाला, "सांगितलं की, कोणी नाही. माझा मीच आलोय." हे सांगताना त्याचा आवाज ताठ होता. एवढ्या अपमानानंतरही त्याच्याजवळ शिल्लक राहिलेली ती एकच गोष्ट होती.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल चळवळीने पुष्कळ लिहिले आहे. आडनाव विचारून माणसाची किंमत ठरवणाऱ्यांना आपण चांगले ओळखतो आणि त्यांच्याबद्दल लिहीतही राहू. पण पहिल्या प्रश्नाबद्दल आपल्यात कोणी बोलत नाही. 'कोणी पाठवलं' असे विचारले की आपल्या पोरांना तो वशिल्याचा प्रश्न वाटतो, आणि वशिला म्हणजे पाप, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे. स्वाभिमानाने जगा, कोणाच्या दारात उभे राहू नका. हे शिकवणाऱ्या आईबापांचे बरोबरच होते, कारण त्यांच्या पिढीला दारात उभे राहणे म्हणजे काय हे अंगावरच्या वळांनी माहीत होते. तरीही आम्हाला आज असे म्हणायचे आहे की सिनेमाच्या बाबतीत ही शिकवण जशीच्या तशी चालवली तर आपली पोरे दाराबाहेरच म्हातारी होतील.

का, ते पाहू. सरकारी नोकरीला जाहिरात असते. बिंदुनामावली असते. परीक्षा असते, गुणवत्ता यादी असते, आणि यादीत घोळ झाला तर आपण न्यायालयात जातो. बाबासाहेबांनी घटनेत जी तरतूद करून ठेवली ती या सगळ्याच्या मागे उभी आहे. सिनेमात यातले काय आहे? दिग्दर्शक ठरतो, तो आपल्या ओळखीच्या मुख्य सहायकाला फोन करतो. कॅमेरामन ठरतो, तो आपली माणसे घेऊन येतो. संकलक आपला सहायक आणतो, ध्वनिमुद्रक आपला. दोन संध्याकाळच्या फोनाफोनीत ऐंशी-शंभर माणसांचे युनिट उभे राहते. कुठे जाहिरात नाही, कुठे राखीव जागा नाही, आणि आपल्याला का घेतले नाही हे विचारायला खिडकीही नाही. तिथे ओळख हीच बिंदुनामावली आहे. ज्यांचे आजोबा स्टुडिओत होते, मामा चॅनेलात आहेत, आत्या नाट्यसंस्थेत आहे, त्यांची नावे त्या यादीत जन्मतःच चढतात. पुढे त्यालाच ते 'इंडस्ट्रीत टॅलेंटला वाव आहे' असे म्हणतात.

दुसरी गोष्ट पैशाची. नव्या सहायकाला बहुतेक ठिकाणी सांगतात, पहिल्या कामाला पैसे नाहीत, अनुभव मिळेल. मालिकांमध्ये पैसे मिळतात, पण नव्वद दिवसांनी. पाळी बारा तासांची. बारा तासांची पाळी भिवंडीच्या पोराला नवी नाही. त्याच्या बापाने किंवा शेजाऱ्याने आयुष्यभर लूमवर तेवढीच केली आहे. पण लूमवर पंधरा दिवसांनी का होईना, पगार होतो. तीन महिने फुकट काम करण्याची ऐपत कोणाची असते? ज्याच्या बापाचा अंधेरीत फ्लॅट आहे त्याची. तो घरचे जेवून सेटवर जातो आणि फुकट राबतो. त्या फुकट राबण्यातून त्याच्या ओळखी होतात आणि वर्षभराने तो 'अनुभवी' ठरतो. आपला पोरगा तेवढ्या काळात गोदामात बारकोड स्कॅन करत असतो. मग दोघांना शेजारी बसवून विचारायचे, अनुभव किती?

याला आम्ही अन्याय म्हणतो. पण नुसते अन्याय म्हणून थांबायचे असेल तर लेख इथेच संपेल.

आता केळुसकर गुरुजींकडे येऊ. बाबासाहेबांचे चरित्र आपल्या प्रत्येक घरात आहे. तरी त्यातला हा भाग आपण 'बाबासाहेब फार हुशार होते' एवढे सिद्ध करण्यापुरताच वाचतो. कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे शिक्षक, लेखक, ब्राह्मणेतर समाजातले विद्वान. चर्नी रोडच्या बागेत रोज एकटाच वाचत बसणारा मुलगा त्यांनी पाहिला, त्याच्याशी बोलले, काय वाचतोस ते विचारले आणि पुस्तके देऊ लागले. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला. त्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. इथपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. पण त्यानंतर केळुसकरांनी काय केले? पुढच्या शिक्षणासाठी पैसे नाहीत हे कळल्यावर ते या मुलाला घेऊन सयाजीराव गायकवाड महाराजांकडे गेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरे ऐकली आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली. एल्फिन्स्टन कॉलेजचे शिक्षण त्यातून झाले, आणि १९१३ मध्ये कोलंबियाला जाण्याची वाट बडोद्यामार्गेच गेली.

म्हणजे 'कोणी पाठवलं?' या प्रश्नाला तरुण भीमरावांकडे उत्तर होते. केळुसकरांनी पाठवले. त्यामुळे त्यांचा स्वाभिमान कमी झाला का? महाराजांच्या प्रश्नांची उत्तरे त्यांची त्यांनीच दिली. केळुसकरांनी दार दाखवले, आत जाऊन बोलायचे ते भीमरावच बोलले. पुढे शाहू महाराजांशी गाठ घालून द्यायलाही दत्तोबा पवारांसारखा माणूस मध्ये होता, आणि १९२० मध्ये 'मूकनायक' निघाले तेव्हा महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. बाबासाहेबांनी या ओळखी कधी लपवल्या नाहीत. उलट स्वतः व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिकायला सरकारी शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या. जे दार आपल्यासाठी कोणीतरी उघडले होते ते त्यांनी दुसऱ्यांसाठी उघडले. १९५६ मध्ये आग्र्याला शिकलेल्या लोकांबद्दल त्यांनी जी खंत बोलून दाखवली, ती हे दार पुढे उघडे न ठेवणाऱ्यांबद्दलची होती, असे आम्हाला वाटते.

आता कोणी म्हणेल, तो शिक्षणाचा विषय होता. सिनेमा ही चैन आहे. अत्याचाराच्या केसेस पडून आहेत, शिष्यवृत्त्या रखडल्या आहेत, आणि तुम्ही कॅमेऱ्याच्या गोष्टी करता? हे आम्हाला आमच्याच ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी विहारात तोंडावर ऐकवले आहे. त्यांना आम्ही एवढेच सांगितले की १९५४ मध्ये आचार्य अत्रे यांच्या 'महात्मा फुले' चित्रपटाचा मुहूर्त बाबासाहेबांच्या हस्ते झाला होता. तब्येत खालावलेली, कामाचा डोंगर समोर, तरी ते स्टुडिओत गेले. पडद्यावर कोणाचा इतिहास येतो हे त्यांना बिनमहत्त्वाचे वाटत नव्हते. ज्येष्ठांनी मान हलवली. पटले की नाही, सांगता येत नाही.

आपल्या समाजातून सिनेमात जे पोहोचले ते कसे पोहोचले, हे नीट पाहिले तर प्रत्येकाच्या मागे एक साखळी दिसते. नागराज मंजुळे जेऊरचे, करमाळा तालुक्यातले. अहमदनगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात संज्ञापनाचे शिक्षण घेताना त्यांनी 'पिस्तुल्या' केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'फँड्री' फेब्रुवारी २०१४ मध्ये आणि 'सैराट' एप्रिल २०१६ मध्ये आला. 'ख्वाडा' करण्यासाठी जमीन विकणारे भाऊराव कऱ्हाडे हेही त्याच कॉलेजातले. पुण्या-मुंबईबाहेरच्या एका कॉलेजातला एक विभाग, तिथले शिक्षक, तिथले वर्गमित्र, कोणाकडे कॅमेरा, कोणाकडे मोटारसायकल. यालाच इंग्रजी पेपरवाले 'नेटवर्क' म्हणतात. जेऊरला त्याला बहुधा दोस्ती म्हणत असतील. आणि मंजुळे यांनी पडद्यावर आणलेली पोरे पाहा. 'फँड्री'तला जब्या, 'सैराट'मधली आर्ची, 'झुंड'मधली नागपूरची टोळी. ऑडिशनच्या रांगेत यांना कोणी उभेही केले नसते.

नीरज घायवान यांची गोष्ट वेगळी आहे. हैदराबादेत वाढलेला मराठी दलित घरातला मुलगा, इंजिनिअर, एमबीए, चांगली नोकरी. सिनेमावर लिहिणाऱ्या एका संकेतस्थळावर लिहू लागला, तिथून अनुराग कश्यप यांच्याशी ओळख झाली. नोकरी सोडून 'गँग्ज ऑफ वासेपूर'ला सहायक झाला. पुढे २०१५ मध्ये 'मसान'. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे त्यानंतरचे आहे. स्वतः स्थिरावल्यावर त्यांनी जाहीरपणे लिहिले की आपल्याला दलित, बहुजन, आदिवासी समाजातले सहायक हवे आहेत. हिंदी सिनेमात हे वाक्य इतक्या उघडपणे दुसऱ्या कोणी लिहिल्याचे आम्हाला आठवत नाही.

आणि तमिळनाडू. पा. रंजित यांनी जे केले त्याचा अभ्यास आपल्या प्रत्येक जिल्ह्यात व्हायला हवा. ते स्वतः वेंकट प्रभू यांचे सहायक होते. 'अट्टकत्ती', 'मद्रास', मग रजनीकांतसोबत 'कबाली' आणि 'काला'. एवढे झाल्यावर बंगला बांधून शांत बसता आले असते. त्यांनी नीलम ही निर्मिती संस्था काढली आणि तिच्यातर्फे २०१८ मध्ये 'परियेरुम पेरुमाल' आणला. दिग्दर्शक मारी सेल्वराज, ज्यांनी त्याआधी राम या दिग्दर्शकाकडे दहाहून अधिक वर्षे काढली होती. सुरुवात ऑफिसबॉय म्हणून. चेन्नईत कूगई नावाचे सिनेमाचे ग्रंथालय आहे. गावाकडून आलेली, सहायक म्हणून धडपडणारी पोरे तिथे बसतात, वाचतात, चित्रपट पाहतात आणि एकमेकांना भेटतात. तेही रंजित यांच्याच पुढाकारातून उभे राहिले. हे सगळे महाराष्ट्रापासून लांबचे वाटते का? सांगली जिल्ह्यातले सोमनाथ वाघमारे यांचा 'चैत्यभूमी' हा माहितीपट नीलमनेच लोकांसमोर आणला. दादरच्या चैत्यभूमीवरचा सिनेमा, मराठी दिग्दर्शक, आणि पाठीशी उभा राहिला तो मद्रासचा माणूस. आपल्याकडे सहा डिसेंबरला लाखोंची गर्दी होते, त्या गर्दीत निर्माते किती असतात?

बार्शीचे विनोद कांबळे यांच्या 'कस्तुरी'ला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुरस्कारानंतरही चित्रपट थिएटरात यायला खूप वेळ गेला, आणि आला तो मंजुळे आणि कश्यप यांचे नाव पाठीशी लागल्यावर. पुरस्कारापेक्षा पाठीशी उभ्या असलेल्या माणसाचे वजन जास्त ठरते, हे चांगले की वाईट? वाईटच. पण आहे हे असे आहे.

यात एक प्रश्न नेहमी निघतो: मार्गदर्शक आपल्याच समाजाचा असावा का? आमच्यात यावर दोन तट आहेत आणि लेखात ते मिटवायचा आमचा इरादा नाही. केळुसकर आपले नव्हते, सयाजीराव नव्हते, कश्यप नाहीत. 'कोर्ट' हा चित्रपट चैतन्य ताम्हाणे यांचा, पण त्यात नारायण कांबळे उभा केला तो नागपूरच्या वीरा साथीदार यांनी, 'विद्रोही'च्या संपादकाने. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडने ते गेले. संगीत संभाजी भगतांचे. अशा कामात दोन्हीकडच्या माणसांना काहीतरी मिळते. पण 'धडक' आठवा. 'सैराट'ची गोष्ट मुंबईच्या मोठ्या कंपनीकडे गेली आणि जात इतकी पातळ झाली की ती कुठे होती हे शोधावे लागले. गोष्ट आपली, सांगणारा दुसरा, आणि पैसेही दुसऱ्याचे. त्यामुळे आमचा निकष साधा आहे. जो तुम्हाला शिकवून तुमचीच गोष्ट तुमच्याकडून करून घेतो तो मार्गदर्शक. जो तुमची गोष्ट ऐकून घेतो आणि तुम्हाला बाहेर चहा आणायला पाठवतो, त्याच्यापासून लांब राहा. कांशीरामजींनी १९८२ मध्ये 'चमचा युग' लिहिले, ते राजकारणाबद्दल. शिष्य आणि चमचा यांतला फरक सिनेमातही तोच आहे: चमच्याला दुसऱ्याच्या हाताशिवाय हलता येत नाही.

इथे आपल्या घरातला एक दाखलाही देऊ. कल्याण आपल्यापासून केवढे? तिथल्या प्रल्हाद शिंदे यांच्या घराण्याकडे पाहा. प्रल्हाददादा, मग आनंद आणि मिलिंद, मग आदर्श. भीमगीते, लोकगीते, आणि आता मराठी चित्रपटांची गाणी. बापाने मुलाला स्टेजवर शेजारी उभे केले, त्याने पुढच्याला. बड्या घराण्यांच्या वारशावर आम्ही टीका करतो, मग हा वारसा आम्हाला का चालतो, असे कोणी विचारेल. चालतो, कारण यांना कोणी स्टुडिओ आंदण दिला नव्हता. कॅसेटच्या काळात रात्र रात्र गाऊन त्यांनी जागा मिळवली. पण प्रत्येक पोराला प्रल्हाद शिंदेंचे घर मिळत नाही. ज्याला घर नाही त्याला वस्तीने घर द्यायला हवे.

आता भिवंडी. आपल्या गावाला लोक लूम, गोदामे, ट्रॅफिक आणि १९७० व १९८४ च्या दंगली यांवरून ओळखतात. सिनेमाच्या नावाने ओळखत नाहीत. मालेगावचे बघा. तेही लूमचे गाव. तिथे नासिर शेख यांनी गावातलीच माणसे घेऊन 'मालेगाव के शोले' केला, मग 'मालेगाव का सुपरमॅन'. त्यावर माहितीपट झाला, आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' थिएटरात लागला. मालेगाव मुंबईपासून रात्रभराच्या एसटीवर आहे. भिवंडी फिल्मसिटीपासून घोडबंदर रोडने दोन तासांवर, ट्रॅफिक नसेल तर. (ट्रॅफिक नसेल तर हे भिवंडीत म्हणायचे वाक्य नाही, हे मान्य.) मराठी मालिकांचे सेट घोडबंदर रोडला आहेत, हिंदीचे नायगावला. आपल्या भिवंडी रोड स्थानकातून वसईला जाणारी गाडी मिळाली तर नायगाव तिथून एकच स्थानक. इतक्या जवळ राहून आपण काय केले?

आम्ही उलट विचारू लागलो. भिवंडीत सिनेमाचे काम जाणणारी माणसे खरोखर नाहीत का? मोजायला बसलो तर थक्क झालो. पद्मानगरमध्ये लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा तेलुगू पोरगा, ज्याचा हात इतका वेगवान आहे की बघत राहावे. लूमवाल्या मोमीन घरातला एक जण ड्रोन चालवतो. तालुक्यातल्या आगरी पोरांनी हळदीच्या गाण्यांसाठी घराच्या माळ्यावर रेकॉर्डिंगची खोली केली आहे, आणि युट्यूबवर त्यांची गाणी आपल्या भीमगीतांपेक्षा जास्त चालतात. आपल्या वस्तीतला एक लाइटमन गेली चौदा वर्षे मालिकांच्या सेटवर जातो आणि आम्हाला हे माहीतच नव्हते, कारण तो पहाटे निघतो आणि रात्री येतो. त्याची गाठ पडली तीही त्याच्या आईमुळे, रविवारच्या वंदनेनंतर. मोठ्या दिग्दर्शकाच्या दारात जाण्याआधी या माणसांकडे जायला हवे होते. वरच्या ओळखीच्या मागे धावताना शेजारच्या ओळखी राहून गेल्या.

नीरज घायवान यांचा 'होमबाउंड' आम्ही एकत्र पाहिला. २०२५ मध्ये कान महोत्सवात गेला आणि भारतातर्फे ऑस्करला पाठवला गेला तो. एक दलित पोरगा, एक मुसलमान पोरगा, दोघे दोस्त. पोलीस भरतीचे स्वप्न, मग सुरतेतली कापडाची गिरणी, मग टाळेबंदी. आमच्यातले काही जण मध्येच उठून बाहेर गेले. २०२० मध्ये आपल्याच नाशिक महामार्गावरून माणसे डोक्यावर बोचकी घेऊन उत्तरेकडे चालत होती. मे महिन्याच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरची श्रमिक रेल्वे सुटली. आपल्या वस्तीने त्या लोकांना जेवणाची पाकिटे दिली. ती गोष्ट आपल्या डोळ्यांसमोर घडत होती, प्रत्येकाच्या खिशात मोबाइलचा कॅमेरा होता, आणि आपल्यातल्या कोणी ती केली नाही. त्या चित्रपटातला चंदन भरतीच्या अर्जावर आपली जात लपवतो. अंधेरीच्या त्या कार्यालयात आमच्या पोराने लपवली नाही. त्याच्या ताठ आवाजाचा आम्हाला राग येत नाही तो एवढ्यासाठीच.

ओळख मागायची कशी, हेही शिकावे लागते. आमच्यातल्या एकाने एका नावाजलेल्या दिग्दर्शकाला सलग अकरा दिवस 'जय भीम सर, एक चान्स द्या' असा मेसेज पाठवला. त्यांनी ब्लॉक केले. पोराने निष्कर्ष काढला की हा माणूस मोठा झाल्यावर समाजाला विसरला. आम्हाला तसे वाटत नाही. चान्स ही द्यायची वस्तू नाही, आणि एका माणसाला दिवसाला असे किती मेसेज येत असतील? त्यापेक्षा चार ओळी लिहा. मी कोण, काय केले आहे, त्याची दहा मिनिटांच्या आतली लिंक, आणि एकच नेमका प्रश्न. तुमच्या अमुक प्रसंगात आवाज असा का ठेवला, याचे उत्तर देताना माणूस मोकळा होतो. उत्तर आले तर त्यावर काय केले ते महिन्याने कळवा. नाही आले तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण द्या, मग सोडा. दिग्दर्शकापेक्षा त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या सहायकाला गाठा. पुढच्या युनिटमध्ये माणसे तोच भरणार असतो. कथा कोणाला ऐकवण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदवा, ते घरबसल्या होते, आणि कोणाला काय पाठवले ते मेलवर असू द्या. आणि कामासाठी, कार्डासाठी, 'पोर्टफोलिओ'साठी जो आधी पैसे मागेल तो मार्गदर्शक नव्हे, गिऱ्हाईक शोधणारा आहे. भिवंडीतल्या दोन घरांनी असे पैसे घालवले आहेत. एका आईने मंगळसूत्र मोडले.

मुलींचा प्रश्न याहून अवघड आहे आणि तो आमच्या बैठकीत मुलींनीच काढला. 'मार्गदर्शक' हा शब्द कोणत्याही पुरुषाला रात्री अकराला फोन करायचा परवाना देतो, असे एकीने सांगितले तेव्हा आम्ही गप्प झालो. केरळात २०१७ मध्ये अभिनेत्री आणि तंत्रज्ञ बायकांनी एकत्र येऊन संघटना केली, हेमा समिती नेमायला लावली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अहवाल बाहेर आला तेव्हा बड्या बड्यांची झोप उडाली. ते एकेकटीने झाले नसते. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या प्रत्येक निर्मिती संस्थेत तक्रार समिती हवी. ती आहे का, हे कामाला जाण्याआधी विचारा. आमच्याकडे आता असे ठरले आहे की पहिल्या भेटीला कोणतीही मुलगी एकटी जाणार नाही आणि भेट दिवसा, कार्यालयातच होईल. हे मुलींनी ठरवले. मुलांनी फक्त सोबत जायचे आणि खाली चहाच्या टपरीवर थांबायचे.

आपल्या यशस्वी माणसांबद्दलही बोललेच पाहिजे. काही जण खरोखर फोन उचलत नाहीत, काही जण आडनावापासून लांब पळतात. त्यांचे त्यांना लखलाभ. पण आपण त्यांच्याशी कसे वागतो? चौदा एप्रिलला पाहुणा म्हणून बोलावतो, दोन तास उशिरा कार्यक्रम सुरू करतो, शाल-श्रीफळ, सेल्फी आणि परत पाठवणी. गाडीभाडेही कधीकधी त्यांचेच. सत्काराला बोलावतो, शिकवायला बोलावत नाही. त्याच माणसाला वीस पोरांसमोर तीन तास बसवून एक पटकथा उलगडून मागितली तर तो आनंदाने येईल, असा आमचा अनुभव आहे.

आणि पैसे. जयंतीत डीजेवर किती जातात ते मंडळांच्या कार्यकर्त्यांना आम्ही सांगायला नको. आम्ही डीजे बंद करा म्हणत नाही, तशी म्हणायची आमची टाप नाही. एका रात्रीच्या भिंतीतले दोन बॉक्स कमी करा. तेवढ्यात गोरेगाव-मालाडकडे एका खोलीचे काही महिन्यांचे भाडे निघते. त्या खोलीत भिवंडीची चार पोरे राहिली तर नव्वद दिवसांनी येणाऱ्या पगाराची त्यांना वाट पाहता येईल. फुकट राबण्याची ऐपत श्रीमंताला बाप देतो. आपल्या पोराला ती मंडळाने द्यावी, एवढीच मागणी आहे. दोन मंडळांनी होकार दिला आहे. एकाने 'बघू' म्हटले आहे, म्हणजे नाही.

त्या पेनड्राइव्हवाल्या मुलाचे पुढे काय झाले? आमच्या लाइटमन दादाने त्याला घोडबंदर रोडच्या एका सेटवर नेले. आधी चार दिवस नुसते उभे राहून बघायचे. पाचव्या दिवशी एक सहायक आजारी पडला आणि क्लॅप याच्या हातात आला. एकूण सव्वीस दिवस काम झाले. गेटवर पहिल्या दिवशी तोच प्रश्न आला होता, कोणी पाठवलं? त्याने दादाचे नाव सांगितले आणि गेट उघडले. पैसे अजून आलेले नाहीत. नव्वदातले एकसष्ट दिवस झाले आहेत. दरम्यान त्याने पद्मानगरच्या त्या एडिटरचे नाव तिथे देऊन ठेवले आहे.

येत्या रविवारी वंदनेनंतर, दहा वाजता, विहाराच्या मागच्या खोलीत आम्ही त्याचा तो पंधरा मिनिटांचा लघुपट दाखवणार आहोत. अंधेरीत कोणी पाहिला नव्हता तोच. दादा येणार आहेत, त्यांची सुट्टी आहे. ज्यांच्याकडे आपले काही असेल त्यांनी ते घेऊन यावे. प्रोजेक्टर मिळाला आहे, पडद्याऐवजी पांढरी चादर लागेल. ती कोणीतरी आणा.